पुतळाची जामीनदार

दुर्गाबाई एकतीस वर्षं जेलमध्ये होत्या. हे त्या स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरला की सावकाश पुढचं सांगत, "नोकरीला हो." नेरूळच्या सोसायटीत राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी ही गंमत अठरा बिऱ्हाडांवर करून घेतली. एकोणिसावं बिऱ्हाड चेअरमन अरविंदरावांचं. ते हसले नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात दाराला दुसरं कुलूप बसवून घेतलं.

बाई मूळच्या परभणीकडच्या. चौसष्ट साली बायकांच्या बरॅकीवर शिपाई म्हणून चिकटल्या आणि पंच्याण्णव साली हवालदार होऊन बाहेर पडल्या. यजमान मारोतीराव आयुष्यभर पोस्टात टपाल निवडत आले, तेही निवृत्त. मुलगा अभय नोकरीपायी बडोद्याला, त्यामुळे सिडकोच्या त्या आटोपशीर फ्लॅटमधली आतली खोली रिकामी असायची. मारोतीराव तिथे पेपर वाचत. त्या खोलीत त्यांना शोधायला कोणी येत नसे, हे तिचं मुख्य सुख होतं.

नोकरी सुटली तरी बाईंच्या सवयी सुटल्या नव्हत्या. सकाळी सहाला दार उघडायचं ते धाडकन. जेवायला बसताना ताटं मोजायची, दोनच असली तरी. विहारात कार्यक्रमाला माणसं जमली की बाई मागे उभ्या राहून बोटांवर मोजत आणि मनासारखा आकडा आला की "टोटल बरोबर" असं पुटपुटत. तो आकडा कशाशी जुळवला, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. संध्याकाळी पाच म्हणजे बंदी. जेलमध्ये पाचला कैदी मोजून बरॅकीत घालतात, टाळं लागतं आणि दिवसपाळीची माणसं घरी जातात, त्याला तिथे बंदी म्हणतात. मारोतीराव पाचनंतर दूध आणायला निघाले तरी बाईंच्या कपाळावर आठी चढे.

आणि अशा या बाईंचं ठाम मत होतं की तुरुंग बंद करावेत. थोडे कमी करावेत, सुधारावेत असलं काही नाही. सरळ बंद करावेत आणि टाळी भंगारात घालावीत.

हे मत कोणत्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. "एक पाकीटमार बाई माझ्यापाशी सात खेपा आली," त्या सांगत. "पहिल्या खेपेला रडली. तिसऱ्या खेपेला म्हणली, माझी नेहमीची जागा द्या. सातव्या खेपेला मी टाळं उघडू लागले तर ते अडकलं. तर ती म्हणती, बाई, डावीकडं दाबा, ते पहिल्यापासून असंच हाय. आता सांगा, कोण कोणाला शिकवू लागलं?" ऐकणारी मंडळी माना डोलावत आणि घरी जाऊन खिडकीला ग्रिल बसवायचं बघत. त्या वर्षी नेरूळमध्ये ग्रिलची साथच आली होती. खिडकीला ग्रिल, बाल्कनीला ग्रिल, जिन्याच्या तोंडाला ग्रिल. सबंध बिल्डिंगमध्ये फक्त हवालदारीणबाईंच्या घराला ग्रिल नव्हतं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत सी-विंगमधल्या रिकाम्या फ्लॅटमधून पितळेचे नळ नाहीसे व्हायला लागले. अरविंदरावांनी ऑफिसातून रजा काढून पाळत ठेवली आणि भर दुपारी जिन्यात चोर पकडला. चोर म्हणजे पुतळा. शेजारच्या शिरवणे गावची, तिशीतली, नवऱ्याने टाकलेली, अंगाने काटक आणि आवाजाने तीन मजले ऐकू जाणारी. खांद्यावरच्या पोत्यात सात नळ आणि एक पाना निघाला. सोसायटी गोळा झाली. पुतळा जराही बिचकली नाही.

"या बिल्डिंगीच्या खाली आमचा भात होता," ती म्हणाली. "सिडकोनं शेत नेलं, मी सात नल नेले. कोनी जास्ती नेलं, सांगा ना."

अरविंदरावांनी याचं उत्तर म्हणून पोलिसांना फोन केला.

कोर्टात पुतळाने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. वकिलाने का म्हणून विचारलं तर म्हणाली, नाकारायला किती वेळ लागतो ते बाकड्यावर बसलेल्या बायांनी तिला सांगितलं होतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पाहिलं, गुन्हा पहिलाच, माल परत मिळालेला. अशा आरोपीला तुरुंगात न धाडता वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. मात्र कोणीतरी जामीनदार पाहिजे, तिचं राहायचं ठिकाण पाहिजे, आणि प्रोबेशन अधिकाऱ्याने चौकशी करून अहवाल दिला पाहिजे. पुतळाच्या दोघा भावांनी शिरवण्यातल्या घराचं दार तिच्या तोंडावर लावून घेतलं होतं. जामीन राहायला कोणी तयार नव्हतं.

प्रोबेशन अधिकारी म्हणजे सुमेधा. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, खांद्याला शबनम, आणि बोलण्यात 'तत्त्वतः' हा शब्द फार. चौकशीसाठी ती सोसायटीत आली तेव्हा ऑफिसात अरविंदराव, दुर्गाबाई आणि आणखी चार माणसं जमली होती.

"तत्त्वतः तुरुंग नसायलाच हवेत," सुमेधा म्हणाली.

"तत्त्वतः म्हणजे कंच्या जिल्ह्यात?" दुर्गाबाईंनी विचारलं.

अरविंदराव उसळले. "मॅडम, ही थिअरी तुमची कॉलेजात ठेवा हो. आमच्या फ्लॅटमध्ये नळ नाहीत! हिला सोडली तर उद्या मीटर नेईल. सहा महिने आत गेली की आपलं टेन्शन संपलं."

"संपतंय कशाचं?" दुर्गाबाई म्हणाल्या. "आज तिला नळ काढता येतो. सहा महिन्यांनी कुलूप काढता येईल. आत शिकवणाऱ्या बाया लई हुशार असतात, मी बघितल्यात."

"एवढा पुळका असेल तर तुम्हीच राहा की जामीन."

हे अरविंदराव बोलून गेले आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोर कोण बसलं आहे. दुर्गाबाई उठल्या. पदर खोचला. "कुठं सही करायची ते सांगा," त्या सुमेधाला म्हणाल्या.

मारोतीरावांना ही बातमी सगळ्यात शेवटी कळली. त्यांनी पेपर घडी करून काखेत मारला आणि आतल्या खोलीतली आपली खुर्ची हॉलमध्ये आणली.

आणि पुतळा दुर्गाबाईंच्या घरी राहायला आली. नळ मात्र आले नाहीत. ते मुद्देमाल म्हणून चिठ्ठ्या लावून पोलीस ठाण्यात पडले होते. पुतळा सुटली, नळ कोठडीत राहिले.

आता बाईंची झोप उडाली. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो बायका सांभाळल्या होत्या, पण तेव्हा जबाबदारी सरकारची होती, भिंत वीस फुटांची होती. आता त्यांची एकटीची सही होती. पुतळाने पुन्हा कुठे हात मारला तर ती तुरुंगात जाणार, आणि बाईंनी इतकी वर्षं जे मत मिरवलं ते पाण्यात जाणार. अरविंदराव तर बाल्कनीत बसून त्याची वाटच बघत होते. एकही चूक होऊन चालणार नव्हती. आणि माणूस सांभाळायची बाईंना एकच रीत येत होती.

सकाळी सहाला हजेरी. "पुतळा!" "हाय, बाई." "हाय नाही, हजर म्हणायचं." सातला ताट-वाटी घासून दाखवायची, उलटी-सुलटी. नऊला कामावर. पुतळाने सात नळ काढले होते, तर सातच्या सात जागी नवीन नळ तिनेच बसवून द्यायचे, असं बाईंनी फर्मावलं होतं. ती ते बसवत असताना बाई दारात स्टूल टाकून बसत. स्टुलावरून त्यांना एक गोष्ट दिसली. पुतळाला नळातलं फार कळत होतं. तिने बसवलेला नळ थेंबभर गळत नसे. तळमजल्यावरच्या काकूंनी आपलं बेसिन दाखवलं, मग दुसऱ्या मजल्याने टाकीचा बॉल दाखवला. नेरूळमध्ये तेव्हा प्लंबर बोलावला तर तो येईपर्यंत माणूस भाड्याचं घर बदलून जाई. महिन्याभरात पुतळाला सगळ्या विंगांतून बोलावणी यायला लागली. एक अरविंदराव सोडून. त्यांच्या मोरीतला पाइप तत्त्वासाठी गळत होता.

पण संध्याकाळी पाच म्हणजे पाच. पाचला बाई पुतळाला आतल्या खोलीत घालत, एकदा मोजत, म्हणजे 'एक' म्हणत, आणि बाहेरून कडी लावत. आत गादी होती, पंखा होता, अभयचा जुना पोर्टेबल टीव्ही होता. कडी लागली की दिवसपाळी संपली. मग बाई साडी बदलून विहारात जात, तिथून बागेत बायकांबरोबर बसत, आणि साडेसातला परत येऊन कडी उघडून जेवायला वाढत. तुरुंग किती वाईट हे त्या बागेतल्या बायकांना रोज समजावून सांगत. घरातल्या कडीचा आणि या बोलण्याचा काही संबंध असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. कडी ही त्यांच्या लेखी काळजी होती. पोर बाहेर गेली, कोणी आळ घेतला, तर?

असे दहा महिने निघाले. दर महिन्याला बाई पुतळाला सुमेधाच्या ऑफिसात नेत. सुमेधा विचारी, "काही त्रास?" पुतळा म्हणे, "नाय." डिसेंबरात सुमेधाने कळवलं की शेवटच्या अहवालाआधी ती एकदा घरी येऊन पाहणार आहे. कधी ते लिहिलं नव्हतं. आली ती बुधवारी, सहा वाजता. बागेच्या फाटकाशीच दुर्गाबाई भेटल्या.

बाईंना कोण आनंद झाला. त्या तिला हाताला धरूनच वर घेऊन आल्या. मारोतीराव हॉलमध्ये पेपर वाचत होते. सुमेधाला बघून त्यांनी पेपर आणखी जवळ धरला.

"बघा आता," बाई म्हणाल्या. "दहा महिन्यांत एक चमचा इकडचा तिकडं नाही. हजेरी रोजची. खोली बघा, स्वच्छ."

सुमेधा खोलीपाशी गेली आणि थबकली. "दुर्गाबाई, दाराला बाहेरून कडी आहे."

"व्हय की."

"आणि पुतळा आत आहे?"

"मग? पाच वाजून गेले."

सुमेधाने कडीला हात लावून पाहिला. "अहो बाई, कोर्टाने तिला नीट वाग म्हणून सांगितलंय. कोंडून घाला असं कुठे सांगितलंय? हा तुरुंगच झाला!"

"तुरुंग?" दुर्गाबाईंना हे इतकं लागलं की त्यांचा आवाज चिरकला. "तुरुंगात टीव्ही असतो का? तुरुंगात मटकीची उसळ देतात का? मी? मी तुरुंग काढला म्हणता?"

मारोतीराव पेपराआडून म्हणाले, "अगं, त्या काय चुकीचं बोलल्या?"

बाई त्यांच्याकडे वळणार तेवढ्यात दार वाजलं. अरविंदराव. लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, पायांत एकच चप्पल.

"दुर्गाबाई, प्लीज! मोरीतला पाइप फुटला. पाणी हॉलपर्यंत आलंय, थांबतच नाहीय. पुतळाला सोडा!"

"बंदी झाली," दुर्गाबाई म्हणाल्या. तोंडातून आपसूक गेलं ते.

"अहो, पण माणूस घरात आहे ना!"

"तुम्हालाच तर ती आत पायजे होती."

"मी तेव्हाचं बोललो हो! आता बाहेर काढा. पाहिजे तर मी सही करतो!"

सुमेधा मध्ये पडली. "कडी काढा, बाई." हे ती इतक्या कडकपणे बोलली की बाईंना एकदम आपल्या जुन्या जेलरसाहेबांची आठवण झाली. त्यांनी कडी काढली. दार उघडलं.

खोली रिकामी होती. पंखा बंद, गादीची नीट घडी, टीव्हीवर रुमाल.

दुर्गाबाईंनी दाराची मागची बाजूही बघितली. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही बाई पळाली नव्हती. आणि ही, जिच्यासाठी त्यांनी सही केली, जिला ताटात वाढताना त्या एक भाकरी जास्त ठेवत, ही गेली. राग येईना. त्यांनी गादीची नीट घडी पुन्हा एकदा नीट केली.

"मी म्हटलं होतं ना!" अरविंदराव ओरडले. "पळाली! मॅडम, लिहून घ्या. आता तरी तिला आत टाका!" मग त्यांना पाइप आठवला. "आणि आता माझं पाणी कोण बंद करणार?"

ते तसेच खाली धावले. मागोमाग सुमेधा गेली, दुर्गाबाई गेल्या, आणि सगळ्यात शेवटी चपला शोधून मारोतीराव.

अरविंदरावांच्या हॉलमध्ये घोटाभर पाणी होतं. त्यांच्या मिसेस अरुणावहिनी सोफ्यावर पाय घेऊन बसल्या होत्या. आणि मोरीत, पाइपला मिठी मारून, साडीचा काचा मारलेली पुतळा बसली होती.

"पुतळा!" दुर्गाबाई बरॅकीतल्या आवाजात ओरडल्या.

"हजर, बाई," पुतळा न वळता म्हणाली. "अंगठा काढला तं पानी वर छतापर्यंत उरंल. थोरं थांबा."

"ही इथे कशी?" अरविंदराव म्हणाले.

"कशी म्हणजे?" अरुणावहिनी म्हणाल्या. "तुम्ही वर पळालात, मी जिन्यात हाक मारली. समोर भोसल्यांकडे होती ती. संध्याकाळी साडेपाच ते सात ती कुणाकडे ना कुणाकडे असतेच. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे."

"मला नाही माहीत!"

"तुम्ही त्या वेळी बाल्कनीत बसून तिच्याबद्दल बोलत असता."

दुर्गाबाई वळल्या. मारोतीराव दारात एक पाय वर धरून उभे होते.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"दुसऱ्याच दिवशी तिनं आतून बिजागरीचे स्क्रू काढले," मारोतीराव म्हणाले. "बिजागरी आतल्या बाजूला हाय, तिला काय अवघड? दार उचलून बाजूला ठेवायची, जायची, परत येऊन बसवायची. आठवडाभर मी बघितलं. लाकूड खराब व्हायला लागलं गं. मग मी आपली कडीच काढून द्यायला लागलो. ती गेली की परत लावून ठेवायचो. तू येण्याआधी ती हजर."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू विहारातून खुशीत यायचीस," मारोतीराव म्हणाले. "दिवसभर जीव टांगणीला असायचा तुझा, पाचनंतर जरा हसायचीस. म्हणलं, राहू दे."

पाइपावर फडकं आवळून पुतळा उठली. दंडाने तोंड पुसलं. दुर्गाबाई तिच्याकडे बघत होत्या. दहा महिने दार उघडं होतं. शिरवणे चालत पंधरा मिनिटांवर, स्टेशन वीस.

"मग पळाली का नाहीस गं?" त्यांनी विचारलं. आवाज बरॅकीतला नव्हता.

पुतळाला प्रश्नच कळेना. "तुमी सही केली ना माज्यासाटी," ती म्हणाली. "मना पाठच्या भावानी दारात उभी नाय केली. तुमी लगेच सही केली. मी पलून गेले तं तुमाना कोर्टात उभं करतील. या वयात?" मग जरा थांबून म्हणाली, "कडीचा मना काय नाय वाटला. तुमची काळजी मिटते नं तिच्यानं, म्हनून तुमी यायच्या आत येऊन बसायची."

दुर्गाबाई पाण्यातल्या पाटावर खाली बसल्या. साडी भिजली तरी त्यांना कळलं नाही. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी टाळं फिरवलं होतं आणि आतल्या बायका टाळ्यामुळे थांबल्या असं धरलं होतं. टाळ्याशिवाय कोणती थांबली असती, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. बघायचं कसं, तेच ठाऊक नव्हतं. ही त्यांच्या घरात, त्यांच्या हातची भाकरी खाऊन, त्यांना सांभाळत होती, आणि यांना वाटत होतं आपण तिला सांभाळतोय. बाईंना रडू फुटलं. नोकरीत असताना त्या कोणासमोर रडल्या नव्हत्या. आता चेअरमनच्या मोरीपाशी, सगळ्यांच्या देखत रडल्या.

सुमेधाने शबनममधून फॉर्म काढला होता. तो हातात धरून ती अवघडून उभी होती. "बाई, मला अहवाल द्यायचाय," ती हळूच म्हणाली. "काय लिहू?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. "खरं हाय ते लिहा. आरोपी पहिल्यापासून नीट हाय. जामीनदारावर जरा नजर ठेवायला पायजे."

"बाई," पुतळा म्हणाली, "थोऱ्या सरका. मेन कॉक तुमच्या मागं हाय."

दुर्गाबाई सरकल्या.